कापूस खरेदी केंद्र आणि यवनांची विद्या



मागच्या महिन्यात एक मुलगी घरी आली. अर्थशास्त्र घेऊन पदवीला आहे. म्हणाली, "सर, मायनर म्हणून प्राचीन ग्रीस आणि रोमची संस्कृती घ्यायची इच्छा आहे. पण बाबा म्हणतात, त्या मेलेल्या लोकांचं शिकून पोट भरते काय?" तिचे वडील आज समोर बसले आहेत. भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. वेचणीचे दिवस, मजूर मिळत नाही, तरी तुम्ही आलात. म्हणून आज मी जे बोलणार आहे, ते तुम्हालाच उत्तर समजा.

आधी मायनर म्हणजे काय ते सांगतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला एक मुख्य विषय, मेजर, आणि त्याच्या जोडीला दुसरा एक, मायनर, अशी मांडणी आली. तुम्ही पऱ्हाटीत तुरीच्या ओळी टाकता ना, तसंच हे. मुख्य पीक पऱ्हाटीच. पण तूर वेगळ्या खोलीवरचं पाणी पिते, जमिनीला काही देऊन जाते, आणि एखाद्या साली तीच हात देते. त्या तुरीला शेतात जागा का द्यायची, एवढंच मला सांगायचं आहे.

'कापूस खरेदी केंद्र' ही पाटी आपण दर हंगामात वाचतो. त्या पाटीखाली बंड्यांच्या रांगेत आपल्या बापजाद्यांनी रात्री काढल्या. तिच्यावरचा शेवटचा शब्द मुळात ग्रीक आहे. केन्त्रोन. त्याचा जुना अर्थ काय असेल? बैलाला टोचायची आर! पराणीच्या टोकाला असते तीच. पुढे कंपासचं टोक रुतवून वर्तुळ काढतात त्या टोकाला ग्रीक लोक केन्त्रोन म्हणू लागले, मग वर्तुळाच्या मध्यालाही. त्यांच्या ज्योतिषाबरोबर इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत हा शब्द इकडे आला आणि संस्कृतात 'केंद्र' झाला. 'यंदा पावसाचा माझा होरा चुकला' असं आपण म्हणतो, तो होराही तिकडचाच. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तास, घटका. दाम आणि दमडी ही द्राख्मे या ग्रीक नाण्याची लेकरं आहेत. ज्योतिषी वराहमिहिरानं सहाव्या शतकात स्वच्छ लिहिलं की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी ज्योतिषाचं शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. मला हा माणूस फार मोठा वाटतो. ज्याच्याकडून शिकला त्याचं नाव त्यानं लपवलं नाही.

आणि पाटीवरचा पहिला शब्द उलट्या वाटेनं गेला. संस्कृतातला कर्पास ग्रीकमध्ये कार्पासोस झाला, लॅटिनमध्ये कार्बासुस. रोमन लोक त्या नावानं तलम कापडाला, गलबताच्या शिडाला, नाटकगृहावर सावलीसाठी ताणलेल्या छतालाही ओळखत. त्याआधी, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, हेरोडोटस हा इतिहासकार हिंदुस्थानातल्या एका नवलाची गोष्ट सांगतो: इथं झाडांना लोकर लागते, ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते, आणि लोक तिचे कपडे घालतात. पऱ्हाटीला फुटलेलं बोंड ज्यानं कधी पाहिलं नाही, त्या माणसानं केलेलं हे वर्णन आहे. इराणच्या राजानं इसवी सनापूर्वी ४८० मध्ये ग्रीसवर चाल केली, तेव्हा त्याच्या फौजेतले हिंदी सैनिक सुती कपड्यांत होते, हेही हेरोडोटसनंच नोंदवलं.

पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं एक ग्रीक पुस्तक आहे. लेखकाचं नाव त्यावर नाही, पण व्यापारी माणूस दिसतो. तो म्हणतो, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथलं सुती कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंड्यांनी भडोचला जातं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला चाकांची कुरकुर ऐकू आली. त्याच शतकात प्लिनी हा रोमन गृहस्थ तक्रार करतो की हिंदुस्थान दरसाल आमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो, आणि तिथला माल इथं मूळ किमतीच्या शंभरपटीनं विकला जातो. अर्थशास्त्राच्या मुलीनं नेमकं इथं थांबावं. त्या शंभरपटीतला किती वाटा तगरच्या विणकराला मिळाला, आणि बोंड वेचणाऱ्या बाईला किती? भाऊ, हा प्रश्न तुम्ही खरेदी केंद्रावर दरसाल विचारता. तो दोन हजार वर्षं जुना आहे, हे तुमच्या लेकीला कळू द्या.

आता मला सगळ्यात जवळचं वाटतं ते. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली. तिची इंग्रजी प्रस्तावना कोणाच्या वचनानं सुरू होते? ग्रीक कवी होमरच्या. गुलामीचा दिवस माणसाचं अर्धं सत्त्व हिरावून नेतो, असा त्याचा आशय. आता त्याचं मूळ 'ओडिसी' हे काव्य उघडा. हे शब्द यूमायस नावाच्या, डुकरं राखणाऱ्या गुलामाच्या तोंडी आहेत. लहानपणीच विकला गेलेला, जन्मानं राजाचा मुलगा. मालकाचा म्हातारा कुत्रा उकिरड्यावर पडला आहे, कोणी बघत नाही. धनी घरी नसला की चाकर काम करत नाहीत, अशी यूमायसची तक्रार चालली आहे. म्हणजे तिथं गुलामांच्या आळसाचं गाऱ्हाणं, आणि जोतीरावांनी तेच शब्द उचलून गुलामीवरच आरोपपत्र ठेवलं. मूळ संदर्भ वाचल्यावर जोतीरावांनी केलेली ही उलथापालथ किती धाडसाची होती ते दिसतं. बाबासाहेबांनीही १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोला समोर घेतलं: माणसांना तीन-चार ठरीव वर्गांत कोंबता येत नाही, प्रत्येक माणूस वेगळा, असं बजावलं. आपल्या या दोन माणसांनी ग्रीस भक्तिभावानं वाचला नाही, हक्कानं वाचला. ज्या अथेन्सच्या लोकशाहीचं कौतुक होतं तिथं बायकांना मत नव्हतं आणि गुलाम बाजारात विकले जात. हा विषय घेणाऱ्यानं तेही डोळे उघडे ठेवून वाचायचं.

शिकायचं कसं? नुसत्या नोट्स पाठ करून हा विषय येत नाही. मराठीतून सुरुवात करा. सॉक्रेटिसचं चरित्र कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ मध्येच मराठीत आणलं. ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी दिलं, 'राजा ओयदिपौस' पु. लं.नी. सॉक्रेटिसनं स्वतः एक ओळ लिहिली नाही. तो बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारी. आपल्या वलगावला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. २० डिसेंबर १९५६ ला इथंच, पेढी नदीच्या काठी, ज्यांनी देह ठेवला ते गाडगेबाबा कीर्तनात हेच करत. प्रश्न बाबांचा, उत्तर लोकांच्या तोंडून. पोटाला चिमटा घ्या पण लेकरं शिकवा, हे तर त्यांचं आयुष्यभराचं सांगणं.

नोकरीचं वचन मी देणार नाही, भाऊ. ते खोटं होईल. तुमची मुलगी अर्थशास्त्रावर पोट भरेल. पण कापसाच्या भावाचा कागद वाचताना तिला प्लिनी आठवेल, आणि तेव्हा ती जो प्रश्न विचारेल तो दुसऱ्या कोणाला सुचणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

ग्रीकची अक्षरं फक्त चोवीस आहेत. उद्या सकाळी आठ वाजता याच शाळेच्या शेवटच्या खोलीत मी ती फळ्यावर लिहिणार आहे. मुलीला पाठवा. वेचणी नसली तर तुम्हीही या. पहिला शब्द मी केन्त्रोनच घेणार आहे, आणि आर कशी असते ते मुलांना दाखवायला घरून पराणी घेऊन या.