आपली खाडी, आपला बांध आणि आपण

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी आम्हांस 'निसर्ग आणि आपले जीवन' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेत उभी हयात घालविलेले मास्तर. शास्त्राचा व्यासंग आमच्या गाठी नाही. तेव्हा पुस्तकातील निसर्ग बाजूस ठेवून, ज्या रेवसच्या मातीत आमची नाळ पुरली आहे तेथील खाडीविषयीच बोलावे, असे आम्ही ठरविले आहे. त्यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचा कबुलीजबाबही आहे. तो या वयात आपल्या माणसांसमोर द्यावा असे वाटते.

अलीकडे निसर्गाची ओढ सर्वांनाच लागली आहे. सुटी मिळाली की लोक माथेरान-महाबळेश्वरास जातात, सूर्यास्त पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परत येतात. त्यात वाईट काही नाही. परंतु पाहुणा म्हणून चार दिवस जाणे निराळे आणि घरचा माणूस म्हणून नांदणे निराळे. आपले पूर्वज निसर्ग पाहावयास कोठे गेले नाहीत. अंबा नदीचे पाणी धरमतरच्या खाडीतून जेथे समुद्रास मिळते, तेथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी त्यांच्या दारी येत असे, आणि तिच्या तालावर त्यांचे उठणे, बसणे, पेरणे, मासे धरणे आणि सोयरिकीस जाणे चालत असे.

आमचे आजोबा निरक्षर होते. परंतु घड्याळ नसताना भरतीची वेळ ते अचूक सांगत. आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा दशमान पद्धत रूढ झाली होती आणि पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे मागे पडत चालले होते. आजोबांनी मात्र आम्हांस पाऊणकी पाठ करावयास लावली. आम्ही कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर, म्हणजे पाणी कळेल." हिशेब सोपा आहे. पंधरवडा शुद्ध असो वा वद्य, त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा. तेथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्राच्या गतीमुळे भरती दररोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येते, असे शास्त्र सांगते. आजोबांचा हिशेब पंचेचाळीस मिनिटांचा. म्हणजे निरक्षर माणसाची चूक दिवसाकाठी अवघी पाच मिनिटांची!

त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी उंच चढते, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमारास ते मंदावते, तो भांग. उधाणाच्या दिवसांत काय करू नये आणि भांगाच्या दिवसांत काय करून घ्यावे, हे ज्यास कळले तोच या किनाऱ्यावर टिकला. समुद्राचा कोप आपल्या भागास नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या वेळी आमचा जन्मही झाला नव्हता; परंतु आमच्या बालपणी गावोगावच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी त्या दिवसाची आठवण ताजी होती. अशा समुद्राच्या काठी आपले लोक बेफिकिरीने राहिले नाहीत आणि भिऊन पळूनही गेले नाहीत. ते त्याची वेळ सांभाळून राहिले.

बंधूंनो, आपण आगरी. आगर म्हणजे मिठागर, आणि खारी माती हीच आपली ओळख. अलिबाग-पेणचा खारेपाट ही निसर्गाने आयती दिलेली जमीन नव्हे. खाडीच्या चिखलाचा बांध घालून, समुद्राचे पाणी बाहेर ठेवून, आपल्या पूर्वजांनी ती हाताने घडविली. बाहेरच्या अंगास मोठा बांध, तो बाहेरकाठा. पाण्याची ये-जा राखण्यासाठी उघाडी. पहिल्या पावसाने मातीतील खार धुऊन निघाला की ओहोटीच्या वेळी उघाडीतून ते पाणी सोडून द्यावयाचे, आणि मग मोड आणलेले बियाणे चिखलात फेकावयाचे. खारे पाणी थोडेबहुत सोसणारे रत्यासारखे भात याच जमिनीत पिकले. शेताच्या तळ्यात जिताडा वाढला. हे सारे एका बांधाच्या आधारावर उभे होते.

आणि तो बांध कशाच्या आधारावर उभा होता? दोन गोष्टींच्या. पहिली, बांधापुढचे तिवर. त्याची पेन्सिलीसारखी मुळे चिखलातून वर श्वास घेत उभी असतात. आम्ही शाळेतील मुलांना खाडीवर नेऊन तिवराचे पान जिभेस लावावयास सांगत असू. पान खारट लागे, कारण शोषलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. हे झाड लाटेचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते, आणि त्याच्या मुळांत कोळंबीची व माशांची पिले वाढतात. बांध घालणाऱ्या जुन्या माणसांनी पुढचा तिवराचा पट्टा राखून ठेवला तो काही शोभेसाठी नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे जोळ. तरुण मंडळींना हा शब्द ठाऊक नसेल. बांधाच्या दुरुस्तीस गावातील प्रत्येक कुळाने माणूस द्यावयाचा आणि सर्वांनी मिळून अंगमेहनत करावयाची, ही जोळाची रीत. आमच्याकडे प्रत्येक घराचा बांधावरचा वाटा ठरलेला असे आणि जोळ बहुधा भांगाच्या दिवशी लागे. आता मघाचा हिशेब आठवा. अष्टमीस पूर्ण भरती सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या पुढे. म्हणजे भर दुपारी ओहोटी, पाणीही मंद, आणि कामाला सबंध दिवस मोकळा. पाऊणकी आणि जोळ ही एकाच शहाणपणाची दोन अंगे होती.

आता आमची चूक सांगतो.

आम्हांस मास्तरकी लागली ती दुसऱ्या तालुक्यात. रेवसच्या दक्षिणेस खाडीच्या अंगाला आमचे दीड एकर खार होते आणि बांधावर आमचा वाटा होता. वडील थकले होते. ते निरोप पाठवीत, "अष्टमीला जोळ आहे, ये." पहिली दोन वर्षे आम्ही गेलो. पुढे शाळेची कामे आली, परीक्षा आल्या, आणि खरे सांगावयाचे तर चिखलात उतरण्याची लाजही आली. आम्ही मजुराचे पैसे पाठवू लागलो. पैसे पाठवणारे आम्ही एकटेच नव्हतो. कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी गोदीत, कोणी कारखान्यात. होता होता जोळास पैसे पुष्कळ आले आणि माणसे उरली नाहीत.

एका पावसाळ्यापूर्वी वडिलांनी कळविले की आपल्या वाट्याच्या बांधात चिंबोरीचे बीळ पडले आहे, मूठभरच आहे, पण आतून बांध पोकळ झाला असावा. चार पाट्या चिखल घालून तुडवून जावे. आम्ही उत्तर लिहिले की सुटीत येतो. त्या श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला बांध तेथेच फुटला. मुठीएवढ्या बिळाची सकाळपर्यंत दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढी खांड झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा उभ्या भातात समुद्र होता. वडील पडवीत बसले होते. त्यांनी आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाही. ते बोलले असते तर बरे झाले असते.

केवळ आमचेच शेत बुडाले असते तर आम्ही ते नशिबाच्या खाती टाकून मोकळे झालो असतो. परंतु आमच्या पलीकडे आणखी नऊ घरांची शेते होती. एकदा खारे पाणी बसले की जमीन पुन्हा गोडी होण्यास दोन-तीन पावसाळे जातात, तेही खांड लगेच बांधली तर. ती बांधली गेली नाही. पलीकडच्या शेतातील एक काकी, ज्यांच्या मांडीवर आम्ही लहानपणी खेळलो, त्या पुढच्याच वर्षी मुलांना घेऊन वीटभट्टीवर कामास गेल्या. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात त्या भेटल्या. रागाचा लवलेश नव्हता. एवढेच म्हणाल्या, "मास्तर, बांध तुमचे वाट्याचा गेला, पन पानी समद्यांचे वाट्याला आला." छत्तीस वर्षांच्या नोकरीत निसर्गावरचे याहून मोठे वाक्य आम्ही कोणत्याही क्रमिक पुस्तकात वाचले नाही.

ही एका गावाची कथा नाही. माणकुळे असो वा शहापूर-धेरंड, खारेपाटात बांध फुटून शेती खारी झाल्याची दुःखे जागोजागी आहेत. १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा केला, आणि बांधांचा भार सरकारने अंगावर घेतला. ते योग्यच होते, कारण मोठा बांध आज हातांनी निभत नाही. परंतु सरकार बांधील म्हणून आपण बांधावरून फिरणेही सोडले, हा दोष सरकारचा नव्हे. बिळ हे रोज बांधावरून चालणाऱ्यासच दिसते.

यात आणखी एक पेच आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. खांड पडून राहिली की शेतात तिवर उगवते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीस मनाई केली, आणि २०१८ च्या निकालात अशी तोड म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भंग होय, असे सांगितले. राज्य शासनाने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापिला आणि २०२० साली पांढऱ्या चिपीस राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला. त्यामुळे ज्याच्या शेतात तिवर वाढले, त्यास ते पुन्हा भाताखाली आणणे फार कठीण. आपल्यातील काही मंडळी यावरून तिवरावरच दात धरून आहेत. आमच्याही दीड एकरात आज पुरुषभर उंचीचे तिवर आहे. परंतु आम्ही कोणत्या तोंडाने त्याच्यावर रागवावे? आम्ही राखली नाही ती जागा त्याने राखली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा गावातील पत्रे, कौले व माडांची पडझड झाली. त्या तिवरामागचा आतला बांध मात्र उभा राहिला. तिवर आपला वैरी नव्हे. वैर केले असेल तर आपल्या आळसाने.

आता मुंबई अधिक जवळ आली आहे. २०२० साली मांडव्यास रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. रेवस-करंजा पुलाची वार्ता तर आम्ही तरुणपणापासून ऐकत आलो. रस्ता यावा, रोजगार यावा. आजारी माणसास घेऊन भाऊच्या धक्क्याच्या लाँचसाठी भरतीची वाट पाहत बसल्याचे दिवस आम्ही विसरलो नाही. परंतु जमिनीचा भाव वाढला म्हणजे तिची किंमत आपणांस कळली असे होत नाही.

गेली तीन वर्षे आम्ही काही घरे मिळून आतल्या बांधावर पुन्हा जोळ धरतो. पावसाळ्यापूर्वीच्या दोन महिन्यांत प्रत्येक अष्टमीस जमतो, बिळे बुजवितो, उघाडीत अडकलेला कचरा काढतो. काम मोठे नाही आणि मोठेपणा सांगण्याजोगे तर मुळीच नाही. गेल्या खेपेस सात पुरुष व चार स्त्रिया होत्या, आणि त्यातील बहुतेक पन्नाशी उलटलेले. त्या काकींचा नातू मात्र ठाण्याहून मोटारसायकलने आला होता. उघाडीतून निघालेल्या कचऱ्यात बाटल्या, पिशव्या आणि थर्मोकोलच्या पत्रावळींचा ढीग होता. त्या पत्रावळी कोणत्या हळदीच्या मांडवातून आल्या असतील, हे आपणांस आम्ही सांगावयास नको. २०१८ साली राज्याने त्यांवर बंदी घातली. आपण मात्र त्या अजून मांडवातून हद्दपार केल्या नाहीत.

म्हणून संघापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, खारेपाटात ज्यांचे मूळ आहे अशा प्रत्येक घराने वर्षातून एक अष्टमी आपल्या गावच्या बांधास द्यावी. पैसे नकोत, माणूस हवा, आणि शक्य तर सोबत एक मूल. दुसरी, संघाच्या आश्रयाने होणाऱ्या लग्न-हळदीत थर्मोकोल व प्लॅस्टिकची भांडी वापरू नयेत, असा ठराव याच संमेलनात व्हावा. तिसरी, आपल्या विद्यार्थ्यांच्या गुणगौरवात तिथीवरून भरती सांगणाऱ्या मुलांसाठी एक लहानसे बक्षीस असावे. त्याची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ.

आमच्या वडिलांचा निरोप आम्ही ऐकला नाही. आता आम्ही वडिलांच्या वयाचे झालो आहो आणि तोच निरोप आपणांस देत आहो. येत्या चैत्र शुद्ध अष्टमीस रेवसच्या आतल्या बांधावर जोळ आहे. भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराला. या.