यंत्र गप्प असतं तेव्हा



१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात भर उन्हाळ्याची दुपार होती. फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात पाळीवरची माणसं पडद्यांसमोर बसली होती. एखादी वाहिनी बंद पडली, कुठे भार वाढला, की संगणक घंटी वाजवून कळवायचा आणि मग ही माणसं हालचाल करायची. त्या दिवशी दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी इशारे देणारा तो प्रोग्रॅमच अडकला. पडदा काळा झाला असता किंवा लाल अक्षरं झळकली असती, तर कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. तसं काही झालं नाही. तो नुसता गप्प झाला.

३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ किलोव्होल्टची एक वाहिनी झाडाला लागून बंद पडली. भार वाढला की तारा तापतात, लांबतात आणि खाली झोळतात. खालची झाडं वेळेवर छाटलेली नव्हती. ३ वाजून ३२ मिनिटांनी दुसरी वाहिनी गेली, ३ वाजून ४१ मिनिटांनी तिसरी. नियंत्रण कक्षात एकही घंटी वाजली नाही. शेजारच्या कंपन्यांमधून फोन येत होते, तुमच्याकडे काहीतरी गडबड दिसते म्हणून. पण समोर कुठलाच इशारा नाही, मग फोनवरच्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? सव्वाचार वाजायच्या आत अमेरिकेतली आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी माणसांची वीज गेली. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे जागच्या जागी थांबली.

या घटनेच्या चौकशीचा अहवाल २००४ साली आला. त्यातली एक गोष्ट माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. इशाऱ्यांचा प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर होता, तो थोड्या वेळानं पडला. जोडीचा राखीव सर्व्हर पुढे आला, आणि तोच अडकलेला प्रोग्रॅम अंगावर घेऊन तोही पडला. संगणक विभागाला आपोआप निरोप गेला. तिथल्या लोकांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला, तो सुरू झाल्याची खात्री केली आणि काम संपलं असं मानलं. इशारे येऊ लागले का, हे त्यांनी नियंत्रण कक्षाला विचारलं नाही. तुमचे सर्व्हर पडले होते, हेही कक्षातल्या लोकांना कुणी कळवलं नाही. मूळ दोष अगदी बारीक होता: एकाच माहितीवर दोन प्रक्रियांनी एकाच क्षणी लिहायला घेतलं, माहिती बिघडली आणि प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहिला. तो शोधायला तज्ज्ञांना कित्येक आठवडे लागले.

मोठ्या संस्थांच्या संगणकांवर नजर ठेवायचं काम मी करतो. बँका, रुग्णालयं, कारखाने, विद्यापीठं, सगळीकडे आता शेकडो सर्व्हर असतात. प्रत्येकाचा प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, विनंतीला उत्तर द्यायला किती वेळ लागतो, चुका किती होतात, हे आकडे दर काही सेकंदांनी गोळा होतात आणि भिंतीवरच्या डॅशबोर्डवर हिरवे-पिवळे-लाल होऊन दिसतात. नॅगिऑस, झॅबिक्स, प्रोमिथिअस अशी यासाठीची साधनं आहेत. त्यांतली बरीचशी कुणालाही फुकट वापरता येतात. आकडे गोळा करणं आज अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते इशारा न येण्याचा अर्थ लावणं. सगळं ठीक आहे म्हणून इशारा आला नाही, की इशारा देणाराच गेला आहे? पडद्याकडे पाहून या दोन्हींत फरक करता येत नाही.

यावरचा उपाय आपल्या गल्लीबोळांना जुना माहीत आहे. रात्री गस्त घालणारा गुरखा दर तासाला काठी आपटत जातो. ती ठकठक ऐकू आली की आपण कूस बदलून झोपतो. ज्या रात्री ती येत नाही, त्या रात्री कुणीतरी उठून खिडकीशी जातं. आमच्या कामातही हेच करायचं असतं. नजर ठेवणाऱ्या यंत्रणेनं दर मिनिटाला ‘मी आहे’ असा एक निरोप बाहेर पाठवत राहायचं, आणि दुसऱ्या जागी, दुसऱ्या विजेवर, दुसऱ्या नेटवर्कवर बसलेल्या एका साध्या यंत्रानं तो मोजत राहायचं. निरोप थांबला की त्यानं माणसाला फोन करायचा. खर्च म्हणाल तर किरकोळ. तरीही मोठमोठ्या ठिकाणी ही व्यवस्था नसते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

यंत्र गप्प राहिलं त्याची ही हकीगत झाली. यंत्र सांगत होतं आणि कुणी ऐकलं नाही, अशीही एक आहे.

१ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर दलालीतली बडी कंपनी. त्या दिवसासाठी तिनं आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवला होता. सात सर्व्हरवर तो पोचला, आठव्यावर चढवायचा राहून गेला, आणि दुसऱ्या कुणी तपासलं नाही. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना प्रोग्रॅम पडून होता. नव्या आज्ञेनं तोच जागा झाला. बाजार उघडल्यावर ग्राहकांच्या अवघ्या २१२ लहान मागण्यांसाठी त्या यंत्रणेनं ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे केले. कंपनीचं नुकसान ४४ कोटी डॉलरच्या वर गेलं आणि लवकरच तिला दुसऱ्या कंपनीत विलीन व्हावं लागलं.

आता यातला पुढचा तपशील ऐका. बाजार उघडायच्या आधी, सकाळी आठच्या सुमारापासून, कंपनीच्याच यंत्रणेनं आपल्याच कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते. त्या जुन्या प्रोग्रॅमचं नाव त्यांत होतं. हातात जवळजवळ दीड तास होता. पण ते मेल इशारा म्हणून आखलेले नव्हते, आणि असले मेल रोज येतात म्हणून सहसा कुणी उघडत नसे. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या आदेशात हे सगळं नोंदलेलं आहे.

मी त्या कर्मचाऱ्यांना आळशी म्हणणार नाही. रात्रपाळीला बसलेल्या माणसाला एका पाळीत दोनशे अलर्ट आले आणि त्यांतल्या एकशे नव्वदांवर काहीच करायचं नसलं, तर तो उरलेले दहाही वाचेनासा होतो. डिस्क ऐंशी टक्के भरली. बरं, मग? ती गेलं वर्षभर ऐंशी टक्केच आहे. तिचा अलर्ट रोज पहाटे येतो आणि रोज एका बटणानं बंद होतो. हीच डिस्क रोज किती वेगानं भरते आणि त्या हिशेबानं केव्हा संपेल, हे सांगणारा एक अलर्ट त्या तीनशे पासष्टांपेक्षा मोलाचा. माझा एक आग्रह असतो: मध्यरात्री माणसाला उठवणाऱ्या प्रत्येक अलर्टसोबत त्यानं काय करायचं ते दोन ओळींत लिहिलेलं असावं. ते लिहिता येत नसेल तर तो अलर्ट सकाळच्या अहवालात जावा, माणसाच्या उशाशी नको.

आता सरासरीविषयी थोडं बोलतो, कारण इथे सुशिक्षित माणसंही फसतात. समजा, एका बँकेच्या ॲपवर शंभर जणांनी शिल्लक पाहिली. नव्व्याण्णव जणांना ०.२ सेकंदात उत्तर मिळालं. शंभराव्याला वीस सेकंद थांबावं लागलं. सरासरी काढा: सुमारे ०.४ सेकंद. अहवालावर हा आकडा देखणा दिसतो, संचालक मंडळ समाधानी होतं. पण वीस सेकंद तो शंभरावा माणूस चक्राकडे बघत बसला, आणि बहुतेक वेळा हा माणूस योगायोगानं निवडलेला नसतो. खात्यात खूप नोंदी असलेला जुना ग्राहक, नाहीतर गडचिरोलीच्या एखाद्या गावातून अशक्त नेटवर्कवर आलेला माणूस. रोज तोच. म्हणून आम्ही सरासरी बाजूला ठेवून सर्वात संथ एका टक्क्याला किती वेळ लागला, हा आकडा बघतो.

टक्क्यांचंही तसंच. ‘आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू असते’ हे ऐकायला निर्दोष वाटतं. वर्षाचा हिशेब केला तर उरलेला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास. हे तास रविवारी पहाटे गेले तर कुणाला कळणारही नाही. पगाराच्या दिवशी सकाळी गेले, किंवा रुग्णालयात रक्ताच्या तपासणीचा अहवाल मागवला त्याच वेळी गेले, तर? टक्केवारीत हा फरक उमटत नाही.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आपल्याकडे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद पडलं. सहा तासांच्या आसपास ते बंद होतं. कंपनीनं नंतर कारण जाहीर केलं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं तिची सगळी डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. अशी आज्ञा अडवण्यासाठी जी तपासणी होती, तिच्यातच दोष होता. त्यानंतर जे घडलं ते फार शिकण्यासारखं आहे. कंपनीचे पत्ता सांगणारे सर्व्हर, म्हणजे डीएनएस सर्व्हर, स्वतःची तब्येत स्वतः तपासत. डेटा सेंटरशी संपर्क होत नसेल तर मी आजारी, असं समजून त्यांनी इंटरनेटवरून आपलं नाव काढून घ्यायचं, हा नियम. एखादाच सर्व्हर आजारी असेल तर हा नियम उत्तम. बाकीचे काम सांभाळतात. त्या रात्री सगळ्यांनी एकाच वेळी स्वतःला आजारी ठरवलं आणि फेसबुकचा पत्ताच जगाला सापडेनासा झाला. दुरुस्ती करणारी अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर होती, तीही गेली. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

आपल्या मुंबईतलं उदाहरण त्याच वर्षीचं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. धोका पसरू नये म्हणून दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांकडून दुवे घेतलेले होते. अडचण दोघांच्याही दुव्यांत आली. सौदे जुळवणारी यंत्रणा चालू होती, पण जोखीम मोजणारी यंत्रणा उपलब्ध राहिली नाही, आणि तिच्याशिवाय सौदे चालू ठेवणं योग्य नव्हतं. म्हणजे एकेका यंत्राला ‘तू ठीक आहेस का’ विचारलं असतं तर बऱ्याच यंत्रांनी होय म्हटलं असतं. पण डोंबिवलीत किंवा सांगलीत बसलेल्या गुंतवणूकदाराला शेअर विकता येत होता का? नाही. ओहायोतल्या संगणक विभागानं सर्व्हर पाहिला आणि घंटी पाहिली नाही, तोच हा प्रश्न, निराळ्या वेषातला.

म्हणून नजर यंत्रापाशी थांबू नये, काम शेवटच्या माणसापर्यंत पोचलं का इथवर जावी. बँकेनं दर मिनिटाला एक खोटा ग्राहक होऊन स्वतःच्याच ॲपमध्ये शिरावं, शिल्लक पाहावी, एक रुपया या खात्यातून त्या खात्यात टाकावा. तो रुपया पोचला तर सेवा चालू आहे. बाकीचे पाचशे आलेख बिघाड शोधायला उपयोगी पडतात, बिघाड झाला हे मात्र या रुपयावरून आधी कळतं.

महाराष्ट्रात सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने, शिक्षणसंस्था यांचं मोठं जाळं आहे. यांपैकी अनेकांचे संगणक बाहेरच्या कंपन्या सांभाळतात, आणि संचालक मंडळावरच्या मंडळींना वाटतं, आपल्याला यातलं काय कळणार. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तांत्रिक काहीही न शिकता एवढं करा. पुढच्या बैठकीत विचारा की आपली सेवा शेवटची बंद पडली तेव्हा आधी कुणाला कळलं, आपल्या यंत्रणेला की काउंटरवर आलेल्या ग्राहकाला? उत्तर ‘ग्राहकाला’ असं आलं, तर दर महिन्याला हा प्रश्न विचारत राहा. आणि एकदा, कामाच्या दिवशी, सगळे हजर असताना, पूर्वसूचना आणि तयारीनिशी, जोडीला राखीव यंत्र असलेला एक सर्व्हर मुद्दाम बंद करायला लावा. घड्याळ लावा. किती मिनिटांनी कुणाचा फोन वाजतो ते बघा. हे धाडस वाटेल, पण नेटफ्लिक्ससारख्या कंपनीनं आपलेच सर्व्हर वाटेल तेव्हा बंद पाडणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि २०१२ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. तो चालायचा कामाच्या वेळेत, अभियंते जागेवर असताना.

आणि ज्याचा फोन रात्री वाजणार आहे, त्या माणसाचा विचार करा. बहुतेक ठिकाणी हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते, महिनोन्‌महिने एकट्यानं फोन उशाशी घेऊन झोपणारी. पाळीत किमान दोघं ठेवा. रात्री दोनला उठून ज्यानं सर्व्हर सावरला, त्याला सकाळी नऊला हजेरी लावायला बोलावू नका. बिघाडानंतरच्या बैठकीत त्याला पहिल्यांदा बोलू द्या, आणि ‘चूक कोणाची’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘तुला काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं’ हे विचारा. त्याच्या उत्तरावरून पुढचा अलर्ट लिहिता येईल.