गाडी सुरू करताना टेप बंद पडतो तेव्हा



मी शेतीविद्या शिकवणारा माणूस, गाडीच्या टेपविषयी काय सांगणार, असे तुम्हाला वाटेल. परंतु वसई-विरारच्या वाड्यांमधून फिरताना खताच्या मात्रेवरची चर्चा संपली की हा प्रश्न हमखास निघतो. आगाशी, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यातली भाजी आणि फुले पहाटे मुंबईच्या बाजाराकडे निघतात. टेम्पोत रेडिओ लावलेला असतो. वसई खाडीच्या पुलाजवळ वाहने तुंबली की आपण डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करतो. रांग हलली की किल्ली फिरवतो आणि नेमका हवामानाचा अंदाज चालू असताना टेप मुका होतो.

याची कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी ओळखली पाहिजेत. पहिले कारण म्हणजे किल्लीचा स्विच. किल्ली स्टार्टवर नेली की टेप, पंखा यांचा प्रवाह स्विच स्वतःच तोडतो. स्टार्टरला त्या क्षणी शंभर-दोनशे अँपिअर, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त प्रवाह लागतो. तो पुरता मिळावा म्हणून कंपनीनेच ही सोय केलेली असते. एक-दोन सेकंद आवाज गेला आणि परत आला, तर तो दोष नव्हे.

दुसरे कारण मात्र काळजीचे आहे. टेपला बहुधा दोन तारा येतात. लाल तार किल्लीवर चालते, तर पिवळी थेट बॅटरीवरून येते आणि घड्याळ व स्टेशने लक्षात ठेवते. गाडी सुरू करताना घड्याळ शून्यावर जात असेल, तर तारांची जोडणी चुकली आहे किंवा बॅटरीचा दाब फार खाली पडतो आहे. अशा वेळी टेप बदलू नका, आधी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे; १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगून आकडा पाहावा. तो ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा उतरलेली आहे. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसले पाहिजे. न दिसल्यास अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासून घ्यावा.

आपल्याकडे समुद्राची खारी, दमट हवा. बॅटरीच्या टर्मिनलवर आणि चासीला जोडलेल्या अर्थच्या पट्टीवर गंज लवकर धरतो. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, अडथळा या गंजाचाच असतो. आधी ऋण टोक सोडवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुऊन कोरडे करावे, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. हे काम पावसाळ्याआधी आणि नंतर, असे दोनदा करावे.

एवढे करूनही टेप क्षणभरही बंद पडू नये असे वाटत असेल, तर काही जण लाल तार सरळ बॅटरीला जोडतात. हे मला मुळीच पसंत नाही. टेप मध्यम आवाजावर दोन अँपिअर घेत असेल, तर विसरून रात्रीचे आठ तास चालू राहिल्यास १६ अँपिअर-तास गेले. जुन्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हे सोसत नाही. पहाटे तीनला गाडी लागत नाही आणि तोडलेली फुले वाडीतच राहतात. फ्यूज न घालता अशी तार ओढली असेल, तर आगीचाही धोका आहे. काही जण लाल तार इंजिनाच्या इग्निशन तारेला जोडतात. ती स्टार्टच्या वेळी जिवंत राहते, म्हणून टेप चालतो. पण टेपमध्ये शॉर्ट झाला तर फ्यूज जाऊन हमरस्त्यात इंजिन बंद पडू शकते.

त्यापेक्षा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बंद लेड-ॲसिड बॅटरी सीटखाली पक्की बसवावी. टेपकडे येणारी किल्लीवरची जुनी तार १० अँपिअरच्या सिलिकॉन डायोडमधून या बॅटरीच्या धन टोकाला न्यावी. टेपच्या लाल व पिवळ्या तारा छोट्या बॅटरीवर घ्याव्यात, लाल तारेत वेगळा स्विच ठेवावा. डायोड प्रवाह एकाच दिशेने सोडतो. त्यामुळे इंजिन चालू असताना छोटी बॅटरी भरते, पण स्टार्टच्या वेळी तिचा प्रवाह मागे जात नाही. डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट कमी होतात, म्हणजे १४.४ चे १३.७ राहतात आणि तेवढे या बॅटरीला मानवते. स्विच बंद करायला विसरलात तरी छोटीच बॅटरी उतरेल, गाडी पहाटे सुरू होईल. मात्र ती वारंवार पूर्ण उतरू देऊ नये, लवकर निकामी होते.

पाठीवरच्या फवारणी पंपात अशीच बॅटरी असते, पण अलीकडे पुष्कळ पंपांत लिथियम बॅटरी येते. ती या जोडणीत अजिबात वापरू नये. छोट्या बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज हवाच. नव्या गाड्यांची वायरिंग नाजूक असते, वॉरंटीही असते. त्यांना हात लावण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे.