हात-पाय-तोंडाचा रोग : उपचार आणि दक्षता



लहान मुलाच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात अकस्मात पुरळ उठले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे धास्तावतात. कोणी त्यास कांजिण्या म्हणतो, तर कोणाला जुन्या देवीच्या साथीचे स्मरण होते. देवीच्या रोगाचे भारतातून उच्चाटन झाल्याचे 1977 साली घोषित झाले. तेव्हा ती भीती निराधार आहे. बहुधा हा हात-पाय-तोंडाचा रोग असतो. डॉक्टर मंडळी इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘एचएफएमडी’ म्हणतात. गुराढोरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाशी त्याचे नाव जुळत असले, तरी दोहोंचे विषाणू भिन्न आहेत. गोठ्यातील जनावरापासून मुलाला हा रोग होत नाही, वा मुलापासून जनावरालाही होत नाही.

1957 साली कॅनडातील टोरांटो शहरी आलेल्या साथीत या रोगाचे प्रथम वर्णन झाले. कॉक्सॅकी या कुळातील विषाणू आणि एन्टेरोव्हायरस 71 ही त्याची प्रमुख कारणे होत. भारतात 2003 साली केरळातील कालिकत येथे त्याची साथ नोंदली गेली. 2022 साली त्याच राज्यात ‘टोमॅटो फ्लू’ या नावाने जी घबराट पसरली, तिच्या मुळाशीही हाच रोग असल्याचे तपासणीअंती दिसून आले. टोमॅटो खाण्याशी त्याचा काहीएक संबंध नव्हता.

रोग मुख्यत्वे पाच वर्षांखालील मुलांना होतो. संसर्गानंतर तीन ते सहा दिवसांनी ताप येतो, घसा दुखतो, तोंडात व्रण पडतात आणि हातापायांवर, गुडघ्यांवर व कुल्ल्यांवर फोड उठतात. सात ते दहा दिवसांत बहुतेक मुले आपोआप बरी होतात. काही आठवड्यांनी एखाद्या मुलाची नखे गळतात. ती पुन्हा येतात, त्याची चिंता नको.

आता उपचाराकडे वळू. या विषाणूचा नाश करणारे खास औषध नाही. जंतुनाशक अँटिबायोटिक गोळ्या वा इंजेक्शने विषाणूवर चालत नाहीत. त्यांसाठी डॉक्टरांकडे आग्रह धरणे म्हणजे पैशाचा अपव्यय. ताप व वेदना यांसाठी मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी ठरविलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मात्र मुलांना मुळीच देऊ नये; त्यामुळे मेंदू व यकृत यांना गंभीर अपाय होण्याचा संभव असतो. फोड फोडू नयेत, त्यांवर राख, शेण अथवा झाडपाला लावू नये. मुलाला नेहमीप्रमाणे आंघोळ घालावी.

खरा धोका आहे तो मुलाने पाणी तोडण्याचा. तोंडातील व्रणांमुळे गिळताना आग होते, म्हणून मूल दूधपाणी नाकारते आणि शरीरातील पाणी घटते. अशा वेळी पुरळाच्या भयाने त्याला उपाशी ठेवणे म्हणजे रोगाला हातभार लावणे होय. तांदळाची निवविलेली पेज, गार दूध, शहाळ्याचे पाणी, नाचणीचे सत्त्व, मऊ भात असे पदार्थ थोडे थोडे, वारंवार भरवावेत. आंबट, तिखट, खारट आणि गरम पदार्थ टाळावेत. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. पाणी घटल्याची शंका येताच जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजावी.

पुढील लक्षणे दिसताच मात्र घरी थांबू नये : तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप, वारंवार उलट्या, झोपेत दचकणे वा झटके येणे, फार सुस्ती, चालताना तोल जाणे, जलद श्वास, आणि सुमारे आठ तास लघवी न होणे. मुलाला तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा रुग्णालयात न्यावे. 1998 साली तैवानमध्ये एन्टेरोव्हायरस 71 मुळे आलेल्या साथीत 78 रुग्ण दगावले, त्यांत बहुतेक लहान मुले होती. असा प्रसंग विरळा. पण तो ओळखण्यात गेलेला एक दिवसही महाग पडतो.

रोगाचा प्रसार लाळ, शिंकेचे तुषार, फोडांतील पाणी आणि विष्ठा यांतून होतो. मूल बरे झाल्यावरही विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत असतात. म्हणून मुलाला शौच करविल्यावर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे हाच मुख्य उपाय होय. केवळ अल्कोहोलयुक्त द्रवावर विसंबू नये. ताप उतरून फोड सुकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, मुलाला बालवाडीत अथवा अंगणवाडीत पाठवू नये. पेला, रुमाल व खेळणी वेगळी ठेवून स्वच्छ धुवावीत.

शिक्षकांनी अशा मुलाची गैरहजेरी दोष मानू नये. एकाच वर्गातील दोन-तीन मुलांना पुरळ दिसल्यास आरोग्य केंद्रास कळवावे. ग्रामपंचायतींनी शाळा व अंगणवाडीत पाणी आणि साबण यांची सोय आहे की नाही, हे पाहावे. अफवेपेक्षा साबणाची वडी आणि महागड्या इंजेक्शनापेक्षा पेजेची वाटी या रोगात अधिक उपयोगी पडते, हे प्रत्येक घरी पोहोचले पाहिजे.