खिडकी अडली की आधी जोर लावू नका

आजचा भाग आहे जुन्या घरातल्या, न उघडणाऱ्या खिडक्यांवर. मी सॉफ्टवेअरवाला, सुतार नाही. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं चुका करून शिकलोय आणि निम्मं आमच्या गावच्या सुतारकाकांकडून.

आमचं घर राजापूर तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. आजी तिथे एकटी राहते. ती झोपते त्या खोलीला एकच खिडकी आहे, चार झडपांची. दोन वर, दोन खाली, आतून लोखंडी गज आणि झडपा बाहेर उघडणाऱ्या. आजोबा गेल्यावर ती खिडकी कुणी उघडली नाही, आणि मग ती उघडेचना. भिंतीला बुरशी, अंथरुणाला कुबट वास, आणि रात्रभर आजीचा खोकला. काका म्हणाले, "काढून टाकू, अॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवू." आजी म्हणाली, "ती अर्धीच उघडते रे. मला अख्खी खिडकी हवी."

मी म्हटलं, मी उघडून देतो. चार दिवस घरून काम, त्यात काय एवढं!

महिना जुलैचा. बाहेर धो धो पाऊस. मी वरच्या झडपेच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हातोडा मारला. झडप हलली नाही, कोपऱ्याचा ढलपा मात्र निघाला. मग शेजारून रंधा आणला. दोन्ही वरच्या झडपा कशाबशा सोडवल्या आणि कडेने तासत गेलो, अगदी सहज लागेपर्यंत. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला.

मे महिन्यात परत गेलो, तर त्या दोन झडपांच्या मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. आजीने तिथे जुन्या लुगड्याची पट्टी कोंबली होती. मला एका शब्दाने बोलली नाही. ते जास्त लागलं.

सुतारकाकांनी झडप पाहिली आणि विचारलं, "पावसात तासलीस ना? पावसात लाकडाचं पोट भरलेलं असतं. भरल्या पोटाचं माप घेऊन सदरा शिवतात काय?"

यामागचं कारण सोपं आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ते फुगतं रुंदीत. लांबीत जवळपास नाहीच. आमच्या झडपा म्हणजे सरळ उभ्या फळ्या, फूटभर रुंद. एवढ्या रुंदीत पावसाळा ते उन्हाळा दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे मी जो दोष कायमचा समजून कापला, तो चार महिन्यांचा होता. आमच्या भाषेत सांगायचं तर, लोड जास्त असताना आलेला एरर बघून मी कोडच उडवलं.

आता खालच्या दोन झडपा. काका म्हणाले, "आधी कुठे अडली ते शोध. जोर नंतर."

तर अडण्याची कारणं मुख्य तीन. पहिलं, रंग. दुसरं, फुगलेलं लाकूड. तिसरं, बिजागरी. झडप थोडीफार हलत असेल तर एक कागद फटीतून फिरवा. जिथे कागद अडतो तिथेच झडप घासते. वर बिजागरीकडे फट मोठी आणि खाली समोरचा कोपरा घासतोय, तर झडप लोंबलीय. तासू नका, वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. भोक सैल झालं असेल तर आगपेटीच्या काड्या फेव्हिकॉल लावून आत ठोका, सुकू द्या, मग स्क्रू पिळा.

आमच्या खालच्या झडपा मात्र रंगाने चिकटल्या होत्या. दर दोन-चार गणपतींना एक हात, आणि जुना रंग कुणी काढलेला नाही. झडप आणि चौकट यांच्यावरून रंगाची एक सलग कातडीच झाली होती. ती धारदार कटरने कापायची. एका दमात नाही, त्याच रेषेवरून चार-पाच वेळा हलक्या हाताने. मग पेंटरची पातळ पत्ती फटीत घालून हळू ठोकत पूर्ण कडेने फिरायचं. शेवटी गजांमधून तळहाताने दाब द्यायचा, एकदा वर, एकदा खाली. काच असेल तर काचेवर कधीच नाही, लाकडावरच.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नका, हीट गनने जाळू नका. पाणी मारून ओला खरवडा, चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर त्यांना लांब ठेवा. चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मी आजीला तीन दिवस मावशीकडे पाठवलं होतं.

झडप सुटली की कडा साफ करायच्या, बिजागरीत मशीनचं तेल, आणि घासणाऱ्या कडेवर साधी मेणबत्ती रगडायची. उघडं लाकूड दिसत असेल तिथे रंगाचा पातळ हात द्या, नाहीतर ते पुढच्या पावसात आणखी पाणी पिणार. आणि रंग पूर्ण सुकेपर्यंत खिडकी उघडीच ठेवा. नाहीतर पुन्हा चिकटेल.

वरच्या झडपांना सुतारकाकांनी लाकडाची पट्टी जोडून दिली. जोड दिसतो. राहू दे म्हटलं.

यंदा जुलैमध्ये मुद्दाम गेलो. खालच्या झडपा घट्ट झाल्या होत्या, पण आजीच्या हाताने उघडत होत्या. मी पाहिलं तेवढ्यात तिने सवयीने सगळ्या लावून घेतल्या. म्हटलं, "अगं, उघडल्या कशासाठी मग?"

"पाऊस तिरका येतोय रे," ती म्हणाली. "थांबला की उघडेन. आता उघडता येते ना."

खोकला गेला असं सांगणार नाही. कमी आहे, आणि कुबट वास गेलाय.

तर मंडळी, तुमच्या घरात एखादी खिडकी अडलेली असेल आणि बाहेर पाऊस असेल, तर रंधा खाली ठेवा. दिवाळीनंतर बघा. बरेचदा ती तोवर आपली आपणच सुटलेली असते. भेटू पुढच्या भागात.