बायकांनी ठरवलेली मोटार

आज मी तुम्हाला एका मोटारीची गोष्ट सांगणार आहे. मोटारीचं नाव काढलं की आपण म्हणतो, तो पुरुषांचा विषय. पण ही मोटार कशी असावी हे सगळं बायकांनी ठरवलं होतं. म्हणून म्हटलं, ही गोष्ट आपल्या कार्यक्रमात यायलाच हवी.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपल्याकडे कृषी प्रदर्शन भरतं, तसं मोटारींचंही प्रदर्शन भरतं. युरोपात स्वित्झर्लंड नावाचा देश आहे. तिथल्या जिनिव्हा शहरात असं मोठं प्रदर्शन अनेक वर्षं भरत होतं. तिथे दोन प्रकारच्या गाड्या ठेवलेल्या असत. एक, बाजारात येणाऱ्या. दुसऱ्या, फक्त नमुन्याच्या. नमुन्याची गाडी विकायची नसते. पुढे काय करता येईल याचा विचार लोकांना दाखवण्यासाठी ती एकच बनवतात.

२००४ च्या मार्च महिन्यात स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने जिनिव्हात अशीच एक नमुना गाडी मांडली. नाव होतं वाय.सी.सी. या गाडीचे निर्णय घेणाऱ्या सगळ्या बायका होत्या. प्रमुख बाई, यंत्राचं बघणारी बाई, गाडीचं रूप ठरवणारी बाई. हाताखाली पुरुषही काम करत होते, पण शेवटचा शब्द बायकांचा.

हे सुरू कसं झालं? २००१ च्या सुमारास कंपनीतल्या बायका एकत्र बसल्या. अमेरिकेत तर या कंपनीच्या गिऱ्हाइकांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. मग गाडी कशी असावी हे बायकांना कोण विचारतं? या चर्चेतून कल्पना निघाली, आणि २००२ च्या शेवटी कंपनीच्या वरिष्ठांनी होकार दिला.

बायकांसाठी गाडी काढायचा प्रयत्न त्याआधीही झाला होता. १९५५ साली अमेरिकेत डॉज कंपनीने एक गाडी काढली होती. गुलाबी-पांढऱ्या रंगाची. सोबत पर्स, लिपस्टिक, छत्री आणि रेनकोट! गाडी मात्र आत होती तशीच. बायकांनी ती फारशी घेतली नाही, आणि दोन वर्षांत ती बंद पडली. रंग बदलला, सोबत चार वस्तू दिल्या, की झाली बाईची गाडी, असं वाटणाऱ्यांना बायकांनी दिलेलं ते उत्तर होतं.

व्होल्वोच्या बायकांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. रोज गाडी वापरताना त्रास कुठे होतो, ते त्यांनी पाहिलं.

गाडीत चढता-उतरताना कपडे खालच्या कडेला घासून मळतात. म्हणून त्यांनी दार वर उघडणारं केलं, आणि दार वर गेलं की ती खालची कड बाजूला वळायची. पर्स ठेवायला गाडीत जागाच नसते. म्हणून गिअर आणि हँडब्रेक मधून हलवले, आणि दोन सीटच्या मध्ये किल्ली, मोबाइल, पर्स ठेवायला कप्पे केले. मागच्या सीटवर माणसं कमी आणि पिशव्याच जास्त असतात. म्हणून मागच्या सीट सिनेमाच्या खुर्चीसारख्या केल्या. एरवी मिटलेल्या, कुणी बसणार असेल तरच उघडायच्या.

पेट्रोलच्या टाकीला झाकणच नव्हतं. पंपाची नळी लावायची, तोंड आपोआप उघडायचं. काच धुवायचं पाणी भरायची जागाही तिथेच शेजारी. बाहेरचा रंग असा, की नॉनस्टिक तव्याला जसं चिकटत नाही, तशी गाडीला घाण चिकटू नये. टायर असे, की पंक्चर झालं तरी गॅरेजपर्यंत जाता यावं. इंजिनचं ऑइल पन्नास हजार किलोमीटरनंतर बदलायचं. डोकं टेकायच्या उशीला मध्ये फट होती. का, सांगा बरं? केस वर बांधलेल्या बाईला डोकं नीट टेकता यावं म्हणून! आपला अंबाडाही तिथे सुखाने बसला असता.

हे ऐकून काहींनी नाकं मुरडली. विशेषतः एका गोष्टीवर. या गाडीचं बॉनेट चालवणाऱ्याला उघडताच येत नव्हतं, ते गॅरेजमध्येच उघडायचं. टीका करणारे म्हणाले, म्हणजे बायकांना इंजिनातलं कळत नाही असंच ना? हा प्रश्न अगदी चुकीचा नव्हता. पण करणाऱ्या बायकांचं म्हणणं असं, की वेळ वाचावा असं पुरुषालाही वाटतंच. बाईची अडचण दूर केली की गाडी सगळ्यांनाच सोयीची होते.

ही गाडी बाजारात कधी आली नाही. नमुनाच राहिली. पण तिच्यातल्या काही सोयी आज साध्या गाड्यांत दिसतात. झाकण नसलेली टाकी पुढे फोर्डच्या गाड्यांत आली. गाडी लावायला मदत करणारी यंत्रणा आणि बटणाचा हँडब्रेक तर आता आपल्याकडच्या गाड्यांतही असतो.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगते. या गाडीत चालवणाऱ्याच्या शरीराचं माप घेऊन ते किल्लीत साठवायची सोय होती. त्या मापाप्रमाणे सीट, स्टिअरिंग, पायाखालचे ब्रेक आणि सीटचा पट्टा आपोआप जागेवर यायचे. मैत्रिणींनो, ही चैन नाही. हा जिवाचा प्रश्न आहे.

गाडी किती सुरक्षित आहे हे तपासताना तिच्यात माणसाएवढा बाहुला बसवतात आणि गाडी भिंतीवर आदळवतात. कितीतरी वर्षं हा मुख्य बाहुला पुरुषाच्या मापाचा होता. उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. बाईचा म्हणून जो बाहुला वापरत, तो म्हणजे पुरुषाचाच बाहुला लहान केलेला. पण बाईची मान, छाती, कंबर पुरुषासारखी नसते. आपण उंचीने कमी, म्हणून सीट पुढे ओढून बसतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने २०१९ मध्ये अभ्यास केला. समोरून धडक झाली, तर पट्टा बांधलेल्या बाईला गंभीर इजा होण्याचा धोका पट्टा बांधलेल्या पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त निघाला. शेवटी २०२२ मध्ये स्वीडनच्याच संशोधक अ‍ॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी बाईच्या मापाचा बाहुला पुढे आणला. उंची १६२ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. इतकी वर्षं गेली, कारण मापं ठरवणाऱ्यांना आपलं माप आठवलंच नाही.

मग पट्टा बांधायचा नाही का? तसं मुळीच नाही. पट्ट्याने जीव वाचतो. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा १९५९ साली याच व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने आणला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. फक्त तो नीट बांधायचा. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. वरचा पट्टा मानेला घासू नये, खांद्याच्या मधून आणि छातीच्या मधून खाली यावा. काखेतून किंवा पाठीमागून घेऊ नका. गरोदर बाईनेही पट्टा बांधायचाच. तिचा खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या बाजूला असावा, आणि वरचा पोटाच्या बाजूने जावा. दवाखान्यात जाताना घरातली सून मागे बसली असेल, तरी तिलाही पट्टा लावा. आणि लहान लेकराला मांडीवर घेऊन आपल्याच पट्ट्यात गुंडाळू नका, धडक बसली तर आपलाच भार त्याच्यावर येतो.

आता एक काम. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की पाच मिनिटं काढा. आपण रोज वापरतो त्या वस्तूंची यादी करा. फवारणीचा पंप, कोळपं, गिरणी, बसची पायरी, शिलाई मशीन. प्रत्येकीने सांगायचं, कुठे पाठ दुखते, कुठे हात पुरत नाही, कुठे पदर अडकतो. वहीत लिहून ठेवा. गटासाठी अवजार घ्यायला जाल, तेव्हा ती वही सोबत न्या, आणि पैसे देण्याआधी बाईने ते स्वतः हातात धरून, चालवून बघा. जमत नसेल तर दुकानदाराला स्पष्ट सांगा. त्या स्वीडनच्या बायकांनीही सुरुवात अशीच, एकत्र बसून केली होती.

तुमच्या यादीत काय काय निघालं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. भेटू या. नमस्कार.