पद्मिनीच्या रेडिएटरची गळती

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आजही जिवापाड जपणाऱ्यांसाठी हे चार शब्द. गाडीखाली पाण्याचे थेंब दिसले, तर आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी अंगावर उसळतं. मग होजपाइपची टोकं बघा. गळती बहुधा तिथेच असते. रबर कडक होतं, क्लिप सैलावते. क्लिप बेतानं आवळा, चिरलेला पाइप मात्र बदलाच. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा मेकॅनिकांचा जुना उपाय घरी पोचण्यापुरता ठीक. पण तिचा गाळ बारीक नळ्यांत बसतो आणि इंजिन तापतं. बोअरचं जड पाणीही नको. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा.